शरियत 'बदलत नाही' हे नक्की कुणी ठरवलं?

सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला होता: शरियत चौदाशे वर्षांत काडीची बदलली नाही, म्हणून या लोकांचं काही होणार नाही. खाली अंगठ्यांची रांग. दुपारी दुसऱ्या ग्रुपवर, जिथलं वारं बरोब्बर उलट, एक गृहस्थ तावातावानं लिहीत होते की शरियत चौदाशे वर्षांत बदललेली नाही, म्हणून तिला कुणी हात लावायचा नाही. दोघांच्या पत्रिका जुळवल्या तर छत्तीस गुण जुळतील.

चिडचिड याची होते की हे खरं नाही हे अभ्यासक कधीपासून ओरडून सांगताहेत. नव्यानं विचार करून निर्णय देण्याचा, म्हणजे इज्तिहादचा, दरवाजा हजारएक वर्षांपूर्वी बंद झाला असं सगळ्या जुन्या पुस्तकांत असायचं. इस्लामी कायद्याचे अभ्यासक वाएल हल्लाक यांनी १९८४ साली एक लेख लिहून त्याला सुरुंग लावला. पुढच्या संशोधकांनी तर ग्रंथ बाजूला ठेवून काजींची दप्तरंच उघडली. आणि दप्तर उघडलं की पुस्तकाबाहेरची, माणसं बघून वळणारी शरियत दिसते आणि सगळ्यांचीच पंचाईत होते.

आमच्या मावशीच्या सासरी झाली तशी. त्यांचं घराणं देशपांड्यांचं. कुलवृत्तांत छापायचा म्हणून जुन्या कागदांचा रुमाल सोडला आणि मोडी वाचणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यात एक महजर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद, निघाला. दोन भावांचा वतनावरून तंटा. मजलिसीला कोण कोण हजर होतं त्याची यादी, आणि यादीत पहिलं नाव काजीचं! मग देशमुख, मग बाकीचे, पाटलाच्या नावापुढे नांगराची खूण. बाई रंगून वाचत होत्या आणि थोरल्या काकांचा चेहरा उतरत चालला होता. "ही ओळ छापायची नाही. आपल्या वतनाचा निवाडा काजी करील होय?"

अहो काका, केलाय ना त्यानं! शिक्का आहे!

मावशी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "जाऊ दे गं, त्यांचं बीपी वाढतं." ओळ गाळली गेली. कुलवृत्तांत गुळगुळीत कागदावर छापून आला.

आपल्याकडच्या निजामशाही-आदिलशाही काळातल्या महजरांत काजी सर्रास भेटतो, त्यात आश्चर्य काहीच नाही. इतिहासकार नंदिनी चटर्जी यांचं २०२० सालचं पुस्तक तर धारच्या एका हिंदू जमीनदार घराण्यावर आहे. कागद दिल्ली, कुवेत आणि खुद्द धार असे विखुरलेले. मुघल गेले, मराठे आले, इंग्रज आले, आणि हे घराणं आपले हक्क शाबूत ठेवायला काजीच्या शिक्क्याचे कागद जपत बसलं. इतिहासकार फरहत हसन यांनी सुरत आणि खंबायतचे कागद पाहिले, तिथंही बनिये काजीकडे जातात, बायका जातात. कुणाला त्यात धर्म बुडाल्यासारखं वाटलेलं दिसत नाही. ते आमच्या काकांना वाटतं.

सुरतेचेच सतराव्या शतकातले निकाहनामे आहेत. त्यांच्याबद्दल वाचताना मात्र माझा राग जरा उतरला. नवऱ्यानं मान्य करायच्या अटी त्यात लिहिलेल्या: दुसरं लग्न करणार नाही, मारहाण करणार नाही, पोटगीची सोय न करता दूर राहणार नाही, दासी ठेवणार नाही. पहिल्या तिन्हींतली एखादी मोडली तर बायको मोकळी. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुण्या बापानं किंवा त्या मुलीनंच हे लिहून घेतलं असेल. किती बघून, किती सोसून ठरल्या असतील या अटी!

मग ते दगडावर कोरलेलं रूप आलं कुठून? बरंचसं कंपनी सरकारच्या कचेरीतून. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्रांचा. मग गोऱ्या न्यायाधीशाला टेबलावर ठेवायला पुस्तक हवं. १७९१ साली 'हिदाया' या हनफी पंथाच्या कायदेग्रंथाचं हॅमिल्टननं केलेलं इंग्रजी भाषांतर आलं, तेही फारसीवरून. मूळ ग्रंथ बाराव्या शतकातला. समोरचा माणूस, त्याचं गाव, तिथली वहिवाट बघून मत देणारा मुफ्ती हळूहळू बाजूला पडला आणि पुस्तक उरलं. आमच्या काकांनी एक ओळ गाळली, साहेबानं अख्खी वहिवाट गाळली.

आता कमेंटमध्ये लिहायला बोटं शिवशिवत असतील, म्हणून आधीच सांगते. हो, ग्रंथांत बाई आणि पुरुष बरोबरीचे नाहीत. हो, तोंडी तलाकनं घरं उद्ध्वस्त झाली, आणि १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात बायकांना घेऊन मोर्चा काढला तो हौस म्हणून नाही. मान्य. पण बदल मागणाऱ्या त्या बायकांना 'हे बदलतच नसतं' म्हणून गप्प कोण करतं? हेच, सकाळचे आणि दुपारचे दोघे.

बदलतं हो. ब्रिटिश काळात नवरा परागंदा झाला तरी आपल्याकडच्या बहुतेक सुन्नी मुसलमानांना लागू असलेल्या हनफी कायद्यानं बाईला सुटका जवळजवळ नव्हती, काही जणी त्यासाठी धर्म सोडायला लागल्या. तेव्हा देवबंदचे आलिम अशरफ अली थानवींनी, जे आजच्या अर्थानं सुधारक नव्हते, मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाचे नियम उसने घेऊन वाट काढली. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा आला तो याच वाटेनं.

आणि निकाहनाम्यात अटी आजही घालता येतात. बायकोला तलाकचा अधिकार आधीच लिहून देता येतो. हे मुलींना कुणी सांगत नाही, फॉरवर्ड मात्र न चुकता येतात.

ओळखीतल्या एका मुलीचा निकाह ठरलाय. तिला सुरतेच्या त्या चार अटी पाठवल्या. उत्तर आलं, "ताई, चौथीची आता गरज नाही. बाकीच्या तीन अम्मीला वाचून दाखवल्या. ती म्हणते, मारहाणीची सगळ्यात वर घ्या."