पडवी माझी, गजाली सगळ्यांच्या

गेले पंधरा दिवस आमच्या वाडीत माझं नाव खराब झालंय. कारण काय तर मी माझ्याच पडवीत बसायला येणाऱ्यांना चार-पाच नियम सांगितले. "स्वतःक हेडमास्तर समाजता" असं माघारी बोलतात म्हणे. बोलूदेत, पण एकदा काय झालं ते लिहितो, मालवणकडचे लोक वाचतायत त्यांना लगेच कळेल.

आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर सहा-सात माणसं जमतात. बाबांच्या वेळेपासून आहे हे. चिऱ्याच्या कठड्याला टेकून बसायचं, कोरा चाय, आणि गजाली. पाऊस, काजूचा दर, मुंबईहून कोण कधी येणार, असं कायपण. पण आमच्या किनाऱ्यावर एक विषय असा आहे की चाय थंड होतो पण माणसं थंड होत नाहीत, तो म्हणजे रापण आणि पर्ससीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे होडीने जाळं टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून अख्खी वाडी मिळून ते ओढते. पर्ससीनवाला समुद्रातच माशांच्या थव्याभोवती गोल जाळं टाकतो आणि बटव्याचं तोंड आवळावं तसा खालून दोर आवळतो, मग किनाऱ्याला येणार काय, शेवाळ? फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर मर्यादा घातल्या, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लाईट लावून मासेमारी करायला बंदी घातली, तरी भांडण आहे तिथेच आहे. आणि मी स्वतः रापणीच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

तर त्या दिवशी एकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, रात्रीचा समुद्र आणि लायटीने झगमगलेली बोट. "बघा, आपल्याच समोरची." सगळे तापले. आता आमच्यातल्याच एकाचा मुलगा पर्ससीन बोटीवर खलाशी आहे, दुसरं काम नाही म्हणून गेलाय पोर. तो बिचारा बाप कोपऱ्यात बशीतून चाय पीत होता. त्याच्याकडे बघून हा व्हिडिओवाला म्हणतो, "तुज्या बापाशीन काय केल्यान ता आमका ठावक आसा, तसोच झील." बशी खाली ठेवली त्याने, चाय अर्धा तसाच, चपला घालून गेला. नंतर माझ्या पुतण्याने नीट बघितलं तर बोटीवरची अक्षरं मल्याळी!

तो माणूस तीन आठवडे आला नाही. आणि मला तेव्हा टोचलं की मी गप्प बसलो होतो. मला वाटायचं आपली पडवी मोकळी आहे, कोणी काहीही बोलावं. पण मोकळं सोडलं की शेवटी मोठ्या आवाजाचे तेवढे उरतात, आणि बाकीचे दुसरीकडे जातात किंवा घरी टीव्ही बघतात. आई आणि शेजारची काकी तर माजघराच्या दारातूनच ऐकायच्या, त्यांनी काही बोललं तर कोण मानही वळवायचा नाही. काकीचा नवरा चाळीस वर्षं रापणीत होता, तिला ह्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती!

म्हणून सांगितलं. भांडा, पण बाप-आजा काढायचा नाही. व्हिडिओ दाखवायचा तर कुठला, कोणी काढला ते आधी सांगायचं, नाहीतर मोबाईल खिशात. जो समोर नाही त्याच्याबद्दल तो समोर असता तर बोलला असतास तेवढंच. दारातून कोण बोललं तर तेही ऐकायचं. आणि दारू घेऊन आलेल्याने गप बसायचं (हा नियम सगळ्यात आधी मोडला गेला, माझ्या मेव्हण्याकडून).

व्हिडिओवाला उसळला. "आमका बोलाचा स्वातंत्र्य आसा! पडवी तुजी आसली तरी तोंड माजा आसा." वाक्य भारी होतं, मी पण हसलो. पण बाबा रे, राज्यघटनेतलं कलम १९ सरकारने तुझं तोंड बंद करू नये म्हणून आहे, आणि त्यालाही १९(२) मध्ये मर्यादा आहेतच. माझ्या बाकावर बसून कोणाचाही बाप काढायची सोय त्यात नाही. तुला हक्काने बोलायचंय तर ग्रामसभेत जा, तिथे मतदारयादीत नाव आहे म्हणून तू बोलू शकतोस आणि तिथे मी तुला अडवणारा कोण. पण तिथे ह्यातलं कोणी जात नाही. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे जमले तरी कोरम होतो, तेवढेही जमवताना नाकी नऊ येतात.

आणि नियम आपल्याला नवीन आहेत काय? देवळात गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवताना, एकच जण बोलतो, बाकीचे "व्हय म्हाराजा". मध्येच कोणी तोंड घालतो का? तिथे चालतं, इथे मी सांगितलं तर हेडमास्तर. पडवीत कोणी व्हय म्हाराजा करावं असं मला अजिबात नकोय, तो तर आणखी वैताग. मी रापणीचा असलो तरी पर्ससीनवाल्याची बाजू इथे बोलली गेली पाहिजे, त्याच्या कर्जाची, डिझेलची, सगळी.

मी दोन वेळा त्या खलाशाच्या बापाच्या घरी जाऊन आलो. परवा आला. वर पडवीत नाही, पायरीवरच बसला. काकीने आतून विचारलं, "झील बरो मा?" तो हो म्हणाला. व्हिडिओवाल्याने न बोलता आपला स्टूल त्याच्याकडे सरकवला, स्वतः कठड्यावर बसला, आणि मग दोघं बांगड्याच्या दरावरून भांडायला लागले.