व्हॅन गॉगला चोर ठरवणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

आमच्या ठाण्यातल्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की खरा कलाकार कुणाचं बघून काढत नाही, व्हॅन गॉगने जपानी चित्रं चोरली आणि कॉपी करायला लावलं की मुलांची स्वतःची स्टाइल मरते. मी नौपाड्यात मुलांना लिनोकट (लिनोलियमच्या शीटवर चित्र कोरून, उरलेल्या उंच भागाला शाई लावून छापणं) शिकवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाहीये.

आधी चोरीचं बघू. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने जपानी चित्रकार हिरोशिगेच्या दोन प्रिंट्सवरून ऑइलमध्ये चित्रं केली, एक प्लमच्या बागेचं आणि एक पावसातल्या पुलाचं. त्यात लपवलंय काय? कडेने चक्क जपानी अक्षरं रंगवलीत! चोरी बघायची तर इटालियन कलाकार मार्कांतोनियो रायमोंदीची बघा, त्याने जर्मन चित्रकार ड्युररच्या वुडकट्सची (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची) नक्कल केली ती ड्युररच्या 'एडी' (आल्ब्रेख्ट ड्युरर) या सहीसकट.

बघून काढत नाही म्हणे. डच चित्रकार रेम्ब्रांने मुघल लघुचित्रांवरून ड्रॉइंग्ज केली, आजही वीसेक शिल्लक आहेत. आणि त्याहून भारी म्हणजे हर्क्युलीस सेगर्स या दुसऱ्या डच कलाकाराची छापण्यासाठी कोरलेली तांब्याची प्लेटच त्याच्या हातात आली, तर त्याने त्यातले बायबलच्या गोष्टीतले टोबायस आणि देवदूत घासून काढले, तिथे गाढवावरून निघालेली मेरी आणि जोसेफ कोरले, बाकीचा निसर्ग बराचसा सेगर्सचाच ठेवला. तांब्यावरची खोल रेघ घासून घालवणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, म्हणूनच झाडीत त्या देवदूताच्या पंखाच्या खुणा अजून दिसतात. बरं, सेगर्सचं चित्र तरी कुठे त्याच्या डोक्यातून आलेलं, ते जर्मन चित्रकार एल्सहायमरच्या पेंटिंगवरून गाउट या डच कलाकाराने केलेल्या प्रिंटवर बेतलेलं!

राहिलं स्टाइल मरण्याचं. फ्रान्समधल्या सेंट-रेमीला असताना व्हॅन गॉगने फ्रेंच चित्रकार मिलेची चित्रं रंगवली ती ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट्सवरून, म्हणजे रंग सगळे त्यालाच ठरवावे लागले, मग स्टाइल मेली का? आमच्याकडेही हेच होतं, मुलं हिरोशिगेचं ते पावसातल्या पुलाचं चित्र बघून लिनोत कोरतात. हिरोशिगेचा पाऊस म्हणजे बारीक काळ्या रेघा, लिनोत तेवढी बारीक रेघ शिल्लक ठेवणं मुलांना जमत नाही, तुटते, मग कुणी व्ही-टूलने (व्हीच्या आकाराच्या कोरणीने) पाऊसच कोरून पांढरा करतं, कुणी पाऊस जाड करतं, कुणी पूलच मोठा करून टाकतं. प्रिंटखाली पेन्सिलने 'हिरोशिगेवरून' असं मी लिहायला लावतेच. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी क्लासला येऊन सगळ्या प्रिंट्स शेजारी शेजारी ठेवून बघा, दोन सारख्या सापडल्या तर मला दाखवा.