जज पारखण्याची खान्देशी रीत

अभिनंदन! वकील संघाच्या वार्षिक सभेत, चहा यायच्या आत, हायकोर्टाचे उमेदवार पारखणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी तुमची बिनविरोध निवड झाली आहे. बिनविरोध, कारण तेव्हा तुम्ही खाली उलटतपास घेत होतात.

घाबरू नका, तुमचं मत कुणी मागितलेलं नाही. नावं सुचवतात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्या पाठचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. मग मुख्यमंत्री, राज्यपाल, दिल्लीचं कायदा खातं, गुप्तवार्तावाले, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम (म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ) असा मुक्काम करत कागद राष्ट्रपतींपर्यंत पोचतो. या गाडीला वकील संघाचा थांबा नाही. आपल्या जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या, म्हणजे पाच वर्षं शेवटची सही आपल्याकडची होती. पहिली शिफारस मात्र कधी वकिलांच्या बाररूममधून निघाली नाही. तेव्हा निवांत काम करा.

अमेरिकेतल्या वकिलांचं बघून बिचकू नका. तिथल्या बार असोसिएशनची समिती १९५३पासून फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची सचोटी, कुवत आणि स्वभाव तपासून 'उत्तम पात्र', 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा देते. त्यासाठी उमेदवाराचं लिखाण वाचतात म्हणे! एवढं करून १९८७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाचे उमेदवार रॉबर्ट बोर्क यांच्या वेळी दहा जण म्हणाले उत्तम, चार म्हणाले अपात्र. आपल्याकडे असली फाटाफूट होत नाही. उमेदवार कुणाचा साडू आहे एवढं कळलं की एकमत होतं.

कुवतीवर वेळ घालवू नका. उमेदवारानं अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबाद खंडपीठात बस्तान बसवलं असेल तर 'मोठा झाला, आता ओळख देत नाही' असं लिहा. इथेच राहिला असेल तर 'त्याला तिकडे ओळखतं कोण'. दोन्ही शेरे आधीच टाइप करून ठेवावेत.

खरा कस स्वभावात. स्वभाव म्हणजे काय, तर हा माणूस तारीख देईल का? ज्यानं हयातभर ज्युनिअरला पुढे करून 'साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत' म्हणत मुदती घेतल्या, त्याला वकिलाचं दुःख कळतं. त्याच्यापुढे 'संवेदनशील' लिहा. पहिल्या पुकाऱ्याला फाइल घेऊन उभा राहणारा, वर समोरच्याच्या मुदतअर्जाला हरकत घेणारा जो असेल, त्याच्यापुढे 'स्वभाव कडक'. अशा माणसाच्या हाती हायकोर्ट गेलं तर खटले संपतील, आणि मग आपण काय करायचं? (शिरपूरच्या बाजूचा एक म्हातारा पक्षकार मला दर तारखेला विचारतो, 'आज चालेल ना?' त्याला समितीवर घेऊ नका.)

कॉलेजियमचा कारभार बंद दाराआड चालतो, असा निषेधाचा ठराव जरूर करा. ऑक्टोबर २०१७पासून ते आपले ठराव वेबसाइटवर टाकतात, हे त्यात लिहायची गरज नाही. चर्चेच्या वेळी बाररूमचं दार तेवढं लावून घ्या, बाहेर पक्षकार बसलेले असतात.

'अपात्र' ठरवलेलाच उद्या न्यायमूर्ती झाला तर? शाल, श्रीफळ, 'भूमिपुत्र' असं लिहिलेला फ्लेक्स आणि रात्री शेवभाजीचा बेत. जुना शेरा कुठल्या फाइलला लावला होता हे कुणालाच आठवत नाही, ही आपल्या दप्तराची खरी ताकद.

राहिली सचोटी. तिचा लेखी पुरावा कोर्टाच्या आवारात एकाच ठिकाणी मिळतो, कँटीनवाल्या आबांच्या उधारीच्या वहीत. लाल कापडी पुठ्ठा, पानांना तेलाचे डाग, नावापुढे चहाच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी. कुणी किती दिवसांत फेडलं, कुणी ज्युनिअरच्या नावावर भजी खाल्ली, सगळं त्यात आहे. मी उमेदवाराचं पान बघायला म्हणून ती वही मागितली. आबांनी दिली, चष्मा पुसला आणि विचारलं, "वकीलसाहेब, आजना चहा बी लिखी ठेवू का?"

उमेदवाराचं पान कोरं होतं. तो रोख देतो म्हणे. तुमच्या नावाची मात्र साडेतीन पानं आहेत, अध्यक्षमहाराज. सभेआधी ती डिंकानं चिकटवून घ्या.