काबोचा मठ, राजभवन आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

गोव्यातल्या काबोच्या जुन्या मठात आज राजभवन, म्हणजे राज्यपालांचं निवासस्थान आहे. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. मठात सरकार घुसलं आणि मी त्याला ‘जपणूक’ म्हणतो, हे तुम्हाला खटकलं. शिवाय, ज्या पोर्तुगिजांनी आपली देवळं पाडली त्यांच्या मठांचा एवढा पुळका कशाला, असंही विचारलंत. आडपडदा न ठेवता लिहिलंत, मीही तसंच लिहितो.

आधी मठ रिकामा कुणी केला ते पाहू. दोना पावलच्या टोकावर 1541 साली काबोच्या सायबिणीचं (मेरीमातेचं) कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, उभं राहिलं आणि त्याच शतकाच्या अखेरीस शेजारी फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ झाला. 1834 मध्ये खुद्द लिस्बनच्या पोर्तुगीज सरकारने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. काबोत मग आर्चबिशप राहिले, नंतर पोर्तुगीज गव्हर्नर आले, आणि 1961 नंतर ती वास्तू आपल्याकडे आली. साधूंना हुसकावण्यात भारत सरकारचा काही हात नव्हता.

आता पावसाचं. तुम्ही कोकणातलेच, तेव्हा जांभ्याची भिंत कशी मरते हे तुम्हाला ठाऊक असेलच. एक कौल सरकतं, वासा भिजून कुजतो, छप्पर बसतं. मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर मुरतं, चुना धुपतो आणि सांध्यात पिंपळ रुजतो. जुन्या गोव्यात सांत ऑगस्टीन हे मठाचं चर्च 1835 ला ओस पडलं आणि 1842 मध्ये त्याचं कमानी छत कोसळलं. अवघ्या सात वर्षांत! 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही गेला. त्याच टेकडीवर सांता मोनिका हा नन्सचा मठ आहे. तिथे नव्या नन घ्यायला बंदी होती. शेवटची नन 1885 मध्ये वारली. पुढे तिथे सैनिक राहिले, मग धार्मिक शिक्षणाची संस्था आली. म्हणजे वापर बदलत राहिला, पण घर कधी फार काळ बेवारस राहिलं नाही, आणि ते आजही छपरासकट उभं आहे. जिथे गव्हर्नर राहतो तिथली शाकारणी चुकत नाही. जपणूक म्हटलं ते एवढ्यासाठीच.

देवळांचं दुःख मलाही आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. सोळाव्या शतकातली ही जखम कुणी लपवू नये आणि मी लपवत नाही. पण मठ पडल्याने त्यातलं एकही देऊळ परत येत नाही. उलट तो काळ दाखवायला हाताशी असलेला पुरावा मात्र जातो. आणि त्या भिंतींतला जांभा इथलाच, तो रचणारे हातही इथलेच.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. सरकारी पहाऱ्यामुळे अशा वास्तूत मनात आलं की जाता येत नाही. लोकांच्या पैशांतून जपलेली वास्तू ठरावीक दिवशी लोकांना खुली हवी, आणि त्यासाठी मागणी करायला मी तुमच्यासोबत आहे.

तोवर 15 ऑगस्टला काबोच्या सायबिणीचं फेस्त (वार्षिक सण) असतं, तेव्हा कपेलात जाता येतं. आणि मठाचं आतलं अंगण सावकाश पाहायचं असेल, तर जुन्या गोव्यातल्या सांत फ्रान्सिसच्या मठात जा. तिथे 1964 पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे.