गाडी किती देते, चंद्र किती घेतो

सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की पेढा उचलण्याआधी बॉनेटवर अंगठा दाबायचा. पत्रा जरासा जरी आत गेला तरी मालकाकडे न बघता, गाडीकडेच बघत, "हं" म्हणायचं. एवढ्या एका "हं"मध्ये बारा लाखांच्या गाडीचं डबडं होतं आणि तुमचा एक छदामही खर्च होत नाही. मग पेढा घ्या. दोन घेतले तरी चालतात.

त्यानंतर दार उघडून पुन्हा लावा. आवाज कसाही येवो, मान हलवा आणि म्हणा, "जुन्या गाड्यांचा पत्रा म्हणजे पत्रा होता राव! म्हशीला धडकली तर म्हैस पडायची." हे वाक्य टाकताना आसपास एखादा इंजिनियर झालेला पोरगा नाही ना, तेवढं बघून घ्या. तो लगेच सुरू होतो की, काका, गाडीचं नाक मुद्दामच चुरगळेल असं करतात. धडकेचा जोर पत्र्याने खाल्ला नाही तर तो तुमच्या बरगड्यांना खावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाच्या सुरक्षा चाचणीत गाड्या आपटून तारे देतात ते यासाठीच. त्याला बोलू द्या. दम घ्यायला थांबला की शांतपणे विचारा, "ते सगळं ठीक आहे, पण किती देते?"

या प्रश्नापुढे भलेभले गप्प होतात.

आणि हल्ली तर ॲव्हरेजच्या विषयाला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलने नवी धार आणली आहे. इथून पुढे गाडीचं काहीही बिघडलं, अगदी वायपरचं रबर फाटलं, तरी दोष इथेनॉलचा. आता, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की हिशेबाने ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरायला हवं. पण "सहा-सात टक्के" ही माहिती झाली. मत म्हणजे "निम्म्यावर आलं राव!" फक्त समोर कोल्हापूरचे ऊसवाले मामा बसले असतील तर त्याच दमात म्हणावं, "शेतकऱ्याच्या घरात दोन पैसे गेले तर बिघडलं कुठे?" मत कसं, दोन्ही बाजूंनी घालता येणाऱ्या जर्किनसारखं असावं.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल फार बोलावं लागत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ मोबाइलमध्ये जपून ठेवा. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, ती बातमी मात्र ठेवू नका, उगाच मेमरी भरते. (माझी पेट्रोलची स्कूटर गेल्या पावसाळ्यात मी तीन वेळा ढकलत घरी आणली आहे. तो विषय आपण काढायचा नाही.)

मीडिया विकला गेला आहे, हे रोज रात्री नऊ ते साडेदहा टीव्हीपुढे बसून पक्कं करून घ्यायचं. जेवण तिथेच मागवावं.

आता चंद्र. हा कटिंगचा विषय आहे, फुल चहा लागत नाही. सुरुवात अशी करा: "अमेरिकेवाले १९६९ साली चार दिवसांत पोचले, आपल्याला चाळीस दिवस लागले!" आणि ग्लास खाली ठेवायच्या आत, "मुळात ते गेलेच नव्हते, सगळं शूटिंग होतं." दोन्ही वाक्यं एकाच माणसाने बोलायची असतात. तोच पोरगा पुन्हा मध्ये पडेल. अमेरिकेचं रॉकेट अवाढव्य होतं, आपलं त्या मानाने लहान. म्हणून १४ जुलै २०२३ ला निघालेलं चांद्रयान-३ पृथ्वीभोवतीच्या घिरट्या रुंदावत रुंदावत नेलं आणि इंधन वाचवलं. थोडक्यात, इस्रोनेही तुमचाच प्रश्न विचारला होता, किती देते? हे तुमच्या लक्षात आलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

२३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी त्यातलं विक्रम हे यान चंद्रावर उतरलं तेव्हा मी एका मोबाइलच्या दुकानासमोर पिशवीत मेथीची जुडी घेऊन उभा होतो. शेवटच्या टप्प्यात बंगळुरूहून कुणी स्टिअरिंग धरलेलं नव्हतं. उंची मोजणं, वेग मारणं, जागा निवडणं, सगळं यान स्वतःच करत होतं. ऑटोमॅटिक गाडीवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली, मेथी चेंगरली. मी जुना खेळाडू आहे, मला हे परवडतं. नवशिक्यांनी टाळावं. तुम्ही आपलं ठरलेलं वाक्य म्हणा: "आधी इथले खड्डे बुजवा, मग तिथले बघायला जा."

इथे एक धोका आहे. पोरगा मोबाइलवर भागाकार करतो. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी, आपण १४० कोटी, म्हणजे माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. आणि काका, तुमच्या हातातली कटिंग दहाची आहे.

घाबरू नका. ग्लास संपवा, तळाची साय बोटाने काढा आणि म्हणा, "मुद्दा पैशाचा नाही रे, तत्त्वाचा आहे." मग उठून दोन्ही खिसे चाचपा. हिशेब त्याचा पक्का आहेच, तेव्हा सगळ्यांच्या चहाचे किती झाले ते त्यालाच काढायला सांगा, आणि तो काढेपर्यंत मोबाइल कानाला लावून "हां, बोल बोल" करत रस्त्याकडे चालू लागा. खड्डा बघून.