रात्री दोनला स्लॅब टाकायची परवानगी कुणी दिली?

काल परत झोप नाही. रात्री पावणेदोनला शेजारच्या रिडेव्हलपमेंटवर आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर सुरू, एक आत गेला की दुसरा गेटवर उभा, वॉचमनने गेट उघडावं म्हणून हॉर्न, मग आत घेताना तो रिव्हर्सचा पीं पीं पीं, मग पंपाची घरघर, आणि हे सगळं आमच्या खिडकीपासून जेमतेम वीस फुटांवर. तीनला वाटलं संपलं, तर सळयांचा ट्रक आला. सळया उतरवत नाहीत हो, फेकतात! बाबा दचकून उठून बसले, छातीवर हात. अँजिओप्लास्टी होऊन पाच महिने झालेत त्यांची.

खाली जाऊन सुपरवायझरला विचारलं तर म्हणतो, "साहेब, दिवसा मोठ्या गाड्यांना एन्ट्री नाही मिळत, आमचा पण नाइलाज आहे." तुमचा नाइलाज म्हणून आम्ही मरायचं का? पोलिसांना फोन केला, ते आले, काम बंद करायला लावलं, त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली की पंप परत चालू.

आणि कायदा नाहीये असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, २०१० च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलंय की रात्री दहा ते सकाळी सहा रहिवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत, इमर्जन्सी सोडून हॉर्नसुद्धा नाही. रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. माझ्या मोबाइलच्या अ‍ॅपवर ७८ आले, बरं अ‍ॅप चुकत असेल, दहाने चुकलं समजा, तरी? लोकांना वाटतं ४५ चे ७८ म्हणजे दुप्पटही नाही, पण दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते हे कुणाला माहीतच नसतं.

"होईल सवय" म्हणणाऱ्यांचा तर भयंकर राग येतो मला. कानाला झाल्यासारखी वाटते, हृदयाला नाही होत सवय! जाग आली नाही तरी झोपेत ठोके वाढतात, बीपी चढतं, स्ट्रेसची हार्मोन्स वाढतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की हार्टचा धोका वाढतो, डब्ल्यूएचओने कधीच सांगून झालंय.

आमच्या एवढ्याशा गल्लीत आत्ता पाच साइट आहेत. एकीकडे पायलिंग म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणं, एकीकडे ब्रेकरने तोडकाम, तिसरीकडे स्लॅब. परवानगी प्रत्येक प्लॉटला वेगळी, गल्ली म्हणून बघणारं कुणीच नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं ते मोजता, पार्किंग मोजता, धुळीसाठी २०२३ पासून मुंबईत साइटभोवती २५ नाहीतर ३५ फूट पत्रे लावायला लावता, मग आवाज का नाही मोजत? गेटवर डेसिबल मीटर लावा, आकडा रस्त्यावरून दिसू दे, दहानंतर मिक्सर आत गेला की दुसऱ्या दिवशी काम बंद. दिवसा एन्ट्री मिळत नाही ना, मग दुपारचे तास ठरवून द्या. आणि एका गल्लीत पाच जणांना एकदम खोदू देऊ नका, इतकी साधी गोष्ट आहे.

आई म्हणते काम होईपर्यंत बाबांना चिपळूणला ठेवू. का? चाळीस वर्षं राहतायत ते या घरात, त्यांनी का जायचं? आणि बिल्डिंग तर आत्ता कुठे चौथ्या मजल्यावर आलीये, बावीस व्हायचेत.