मच्छिमारांना विचारल्यामुळे खाडीची कामे अडतात का?

नवी मुंबईतील रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: खाडी आणि किनाऱ्याचा कारभार सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांवरच सोपवावा, मच्छिमार, रहिवासी, पर्यावरणप्रेमी अशा सगळ्यांना बैठकीला बोलावले की कामे रखडतात, मासळी कोळ्यांनीच संपवली, कांदळवन सरकारने एकट्याने वाढवून दाखवले, आणि जनसुनावणी आहेच, मग आणखी सहभाग कशाला? माझ्या ओळखीच्या भल्या माणसांनी तो पुढे पाठवला आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मासळीपासून सुरुवात करतो. खोल समुद्रात अतिमासेमारी झाली आहे, हे खरेच आहे. पण पर्ससीन जाळ्यांवर (माशांचे थवेच्या थवे घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) निर्बंध घाला, अशी मागणी पारंपरिक मच्छिमारांनीच लावून धरली होती आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने तसे निर्बंध घातले, ही गोष्ट मजकुरात नाही. ठाणे खाडीचे दुखणे तर निराळेच आहे. दिवाळे, सारसोळे, वाशी किंवा ऐरोलीच्या दिवा गावातील लहान होड्या आणि पाग, बोकशी अशी लहान जाळी यांनी ही खाडी रिकामी झालेली नाही. दोन्ही काठांच्या शहरांचे सांडपाणी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे दूषित पाणी आणि साचत गेलेला गाळ यांनी तिची ही अवस्था केली आहे, आणि यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय कोळीवाड्यात झालेला नाही.

कांदळवनाचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१२ पासून केलेले काम मोलाचे आहे आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र 'एकट्याने' हा शब्द चुकीचा आहे. कांदळवन तोडण्यास मनाई करणारा २००५ चा अंतरिम आदेश आणि २०१८ चा अंतिम निकाल हे दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाने दिले, ते नागरिकांच्या एका पर्यावरण संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवर. शिवाय खाडीत झाडे वाढली म्हणजे खाडी सुधारली, असे सरसकट म्हणता येत नाही. माघ महिन्यात एकदा ओहोटीच्या वेळी मी सारसोळ्याच्या जेट्टीवर उभा होतो. मांडीपर्यंत चिखलात रुतलेल्या एक मावशी बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, काढत होत्या आणि कमरेच्या पिशवीत टाकत होत्या. पलीकडच्या तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, रांगेकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की त्या पट्ट्यात त्यांच्या सासूबाई खुबे (शिंपल्यांचा एक प्रकार) वेचत असत. आता तिथे चिखलातून वर आलेल्या मुळांमुळे हातही घालता येत नाही. गाळ साचला की तिवर मोकळ्या चिखलावर पुढे सरकते, आणि तो मोकळा चिखल निवट्यांना हवा असतो तसाच फ्लेमिंगोंनाही हवा असतो. २०१५ मध्ये घोषित झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या १,६९० हेक्टरांपैकी सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन असून बाकीचे पाण्याखालचे क्षेत्र आहे. त्यांतली सीमारेषा कोणत्या वर्षी किती हलली, हे उपग्रहाच्या चित्राइतकेच त्या मावशींनाही ठाऊक आहे.

आता विलंबाविषयी. सिडकोने शहर वसवताना भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला ते खाडीत सोडता यावे म्हणून धारण तलाव बांधले. ते गाळाने भरत गेले, त्यांत कांदळवन उगवले आणि आता ते साफ करायचे तर महापालिका, सिडको, वनविभाग, किनारा क्षेत्र प्राधिकरण आणि न्यायालय अशा अनेक दारांतून जावे लागते. हा गाळ वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला तो मच्छिमारांमुळे नव्हे, तर यंत्रणा एकमेकींशी वेळेवर बोलल्या नाहीत म्हणून. नेरुळच्या डीपीएस तलावात येणारी भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली, तळे सुकले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. पाणी कोणत्या तोंडाने आत येते, हे खाडीत रोज वावरणाऱ्या कोणीही आधीच सांगितले असते. तिसऱ्या ठाणे खाडी पुलाच्या बाबतीत वाशीच्या मच्छिमार संस्थेला उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांचा परंपरागत मासेमारीचा हक्क मानला आणि भरपाईचे धोरण ठरवण्यास सरकारला सांगितले. जे बोलणे आराखड्याच्या वेळी व्हायचे, ते वकिलांमार्फत झाले.

उलट, मच्छिमारांची अडचण ध्यानात घेऊन आखलेली योजना कशी चालते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कासव किंवा देवमासा जाळ्यात सापडला तर तो सोडण्यासाठी जाळे कापावे लागते आणि तो तोटा मच्छिमाराच्या माथी येतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही ही अडचण सुटली नव्हती. २०१८ मध्ये कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली आणि मच्छिमार स्वतः प्राणी सोडल्याची छायाचित्रे सादर करू लागले.

राहिली जनसुनावणी. प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे; मूळ अहवाल इंग्रजीत असतो आणि सुनावणी होते तेव्हा आराखडा बहुतेक ठरलेला असतो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने आणि तिच्या जागी आलेल्या २०१९ च्या अधिसूचनेनेही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत किनाऱ्यावरील पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे म्हटले आहे. ती समिती नियमित बसावी, तिची कागदपत्रे मराठीत मिळावीत आणि बैठकीची वेळ भरतीचे कोष्टक पाहून ठरवावी, एवढे आज ठाणे जिल्ह्यात करता येईल. सकाळी अकराला ओहोटी असेल, तर त्या मावशी जिल्हाधिकारी कार्यालयात येऊ शकणार नाहीत. त्या वेळी त्या चिखलात असतील.